लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी कोण बोलणार? ठाण्यातल्या सोसायट्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
ठाणे शहरातील सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

मी लिफ्ट मेकॅनिक आहे. वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला आणि १९९५ साली हेल्पर म्हणून कामाला लागलो. तेव्हापासून कोपरी ते कासारवडवली या पट्ट्यात किती इमारतींच्या मशीन रूममध्ये, म्हणजे लिफ्टची मोटर असते त्या वरच्या खोलीत, चढलो आणि किती पिटांमध्ये, म्हणजे लिफ्टखालच्या खड्ड्यांत, उतरलो, याचा हिशेब ठेवलेला नाही. बाहेर काढलेल्या माणसांचाही नाही. पण त्यातली काही माणसं डोक्यातून जात नाहीत. त्यांच्याबद्दल सांगायचं आहे आणि त्यांच्यासाठीच आपल्याकडे एक मागणी करायची आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो. आपल्या इमारतीत कुणी लिफ्टमध्ये अडकलं, तर मेकॅनिक येईपर्यंत त्याच्याशी बोलायला एक माणूस दाराबाहेर उभा राहील, एवढी व्यवस्था करा. तो माणूस कोण, हे अडकल्यावर नाही, आत्ता ठरवा.

हे मी स्वतःच्या डोक्याने शिकलो नाही. माझ्या उस्तादांनी शिकवलं, तेही मला कामाला लागून दोन महिनेसुद्धा झाले नव्हते तेव्हा. नौपाड्यात एक चार मजली इमारत होती. जाळीच्या दाराची, चार माणसांची जुनी लिफ्ट. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत एक आजी होत्या. मशीन रूमची चावी सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी जांभळी नाक्यावर बाजाराला गेलेले. उस्ताद मला म्हणाले, "मी चावीचं बघतो. तू दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांच्याशी बोलत राहा."

मी विचारलं, "काय बोलू?"

"काहीही बोल. आज काय स्वयंपाक आहे ते विचार. पण गप्प बसू नकोस."

दुसऱ्या मजल्यावर उभं राहिलं की केबिनची फळी बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर येत होती. मला आजींचे फक्त पाय दिसत होते. लुगड्याचा काठ, एका पायात चप्पल, दुसरी सुटून बाजूला पडलेली, आणि शेजारी कापडी पिशवी. उजवा पाय डाव्या पायावर सारखा घासत होत्या. घासायच्या, थांबायच्या, परत घासायच्या. मी एकोणीस वर्षांचा पोरगा, पायांशी काय बोलणार? शेवटी उस्तादांनी सांगितलं तेच विचारलं, "आजी, पिशवीत काय आणलंय?"

"वाल आहेत रे बाळा," वरून आवाज आला. "परवा डाळिंब्यांची उसळ करायचीय."

मग मी विचारत गेलो आणि त्या सांगत गेल्या. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायचे, आणि सोललेली डाळिंबी मोडता कामा नये. सोलायचं सांगायला लागल्या तेव्हा पायांचं घासणं थांबलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. उस्ताद वर पोचले आणि डक्टमधून, म्हणजे लिफ्ट वरखाली जाते त्या पोकळीतून, हाक आली. मी आजींना सांगितलं, "आजी, आता लिफ्ट वर जाणार आहे. हळूहळू जाईल. घाबरू नका, मुद्दामच वर नेतायत." केबिन वर सरकली, पाय दिसेनासे झाले, आणि तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी त्यांना बाहेर घेतलं. मला लगेच हत्यारांची पिशवी आणायला खाली पाठवलं, त्यामुळे त्यांचा चेहरा मी पाहिलाच नाही.

चार वर्षांनी त्याच इमारतीत सर्व्हिसिंगला गेलो होतो. उन्हाळा होता. तिसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडं दिसलं म्हणून म्हटलं, "आजी, जरा पाणी मिळेल का?" आतल्या बाई उठता उठता थांबल्या. माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "परत बोल बघू." मी परत तेच बोललो. त्या म्हणाल्या, "तूच तो. डाळिंब्या."

चार वर्षांनंतरही त्यांच्या कानात तो आवाज होता.

इथे जरा लिफ्टबद्दल सांगायला हवं, कारण माणूस घाबरतो तो आत काय चाललंय ते कळत नाही म्हणून. केबिन दोरांना टांगलेली असते, आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतं. हे वजन रिकाम्या केबिनपेक्षा जास्त ठेवतात, लिफ्ट जेवढा भार नेऊ शकते त्याच्या साधारण अर्ध्याइतकं जास्त. सहा माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलो लिहिलेलं असतं, म्हणजे माणशी ६८ किलो धरलेले असतात. आत एकटाच माणूस असेल तर केबिनपेक्षा काउंटरवेट जड पडतं. म्हणून आम्ही मशीन रूममध्ये ब्रेक सोडला की लिफ्ट खाली न येता वर जाते. आतल्या माणसाने हे आधी ऐकलेलं नसेल तर त्याचं काळीज फाटतं. त्याला खाली यायचं असतं, अंधार असतो, आणि लिफ्ट आपोआप वर निघालेली असते. "कुठे नेताय? अहो, कुठे नेताय?" अशा किंकाळ्या मी ऐकल्या आहेत. बाहेरून कुणी एक वाक्य सांगितलं असतं तर त्या निघाल्या नसत्या.

वीज गेली की लिफ्ट कोसळते, असंही अनेकांना वाटतं. उलट आहे. ब्रेक विजेने लागत नाही, विजेने सुटतो. वीज गेली की स्प्रिंगच्या जोराने ब्रेक आवळला जातो आणि केबिन आहे तिथे थांबते. दोर एक नसतो, अनेक असतात, आणि त्यातला एकेक दोर भरलेली केबिन पेलेल इतका मजबूत असतो. तरीही लिफ्ट ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने खाली जायला लागली, तर वेगावर लक्ष ठेवणारा वरचा गव्हर्नर ते ओळखतो आणि केबिनखालची सेफ्टी नावाची पकड दोन्ही बाजूंच्या रेल घट्ट पकडते. हवेचं म्हणाल तर केबिन हवाबंद नसते, फटींतून हवा येत राहते. गुदमरल्यासारखं होतं ते भीतीने. भीतीने श्वास खरोखरच लागतो, त्यामुळे "तुम्हाला काही झालेलं नाही" असं म्हणून उपयोग नसतो. "हवा येतेय, खाली बसा, सावकाश श्वास घ्या, मी इथेच आहे," असं म्हणावं लागतं.

१० सप्टेंबर २०२३ ला बाळकुमला नव्या इमारतीतली बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मी जिथे जाईन तिथे लोक विचारायचे, "आमचीही पडेल का?" मी त्यांना वरचं सगळं समजावून सांगायचो, आणि सांगताना दर वेळी त्या सात जणांची आठवण यायची. ते आमच्याच धंद्याच्या आसपासचे लोक. दिवसभर काम करून खाली उतरत होते.

पडण्याची भीती सगळ्यांना असते. खरा धोका दुसराच आहे, आणि तो कुणाला दिसत नाही. तो म्हणजे घाईने उघडलेलं दार.

पाचपाखाडीतली गोष्ट आहे. मी पोचायच्या आधी वॉचमनने त्रिकोणी चावीने पाचव्या मजल्याचं दार उघडलं होतं. चावी त्याच्याकडे कुणीतरी सोयीसाठी देऊन ठेवली होती. केबिन पाचव्या मजल्याच्या साधारण चार फूट वर थांबलेली. आत एक तरुण बाई होत्या, आणि दोघातिघांनी हात वर करून त्यांना "उडी मारा, आम्ही धरतो" म्हणून उतरवायला सुरुवात केली होती. मी जिन्यावरून वर येत होतो. त्यांनी पाय खाली सोडले आणि एक चप्पल पायातून निसटली. ती मजल्यावर पडली नाही. केबिनच्या फळीखाली डक्ट उघडा होता, त्यात गेली. आवाज यायला वेळ लागला. सगळ्यांनी तो आवाज ऐकला आणि सगळे गप्प झाले. त्या बाई केबिनच्या कडेला तशाच लटकत होत्या. आम्ही त्यांना वर ढकललं, केबिनमध्ये परत बसवलं, मग मी मशीन रूममध्ये जाऊन केबिन मजल्याला लेव्हल केली, आणि त्या चालत बाहेर आल्या. अनवाणी. त्यांना काही लागलं नाही. ती चप्पल मी पिटात उतरून आणून दिली. वॉचमनचा हेतू वाईट नव्हता. आतली बाई रडत होती, बाहेर पाच-सहा जण "उघड, उघड" म्हणत होते, आणि त्याच्या हातात चावी होती.

म्हणूनच बोलणारा माणूस हवा, असं मी म्हणतो. तो आतल्याला धीर देतोच, पण बाहेरच्यांचे हातही थांबवतो. आतून रडण्याचा आवाज येत असेल तर बाहेरचे दाराशी झोंबतात. आतून गप्पांचा आवाज येत असेल तर कुणी झोंबत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की मला त्यात आता शंका उरलेली नाही.

काय बोलावं हे मात्र दर वेळी सुचतंच असं नाही. एका रात्रीचा प्रसंग अजून आठवतो. सात मजली इमारत, सहा माणसांची लिफ्ट. अशा लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं राहत नाही. घरात कुणी वारलं की त्याला खुर्चीवर बसवून, चादरीने बांधून खाली आणतात. तुमच्यापैकी जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना हे ठाऊक असेल. त्या रात्री दोन मुलं आपल्या वडिलांना तसं घेऊन उतरत होती आणि चौथ्या मजल्याच्या वर डोअर लॉकचा कॉन्टॅक्ट, म्हणजे दार बंद आहे हे लिफ्टला कळवणारा जोड, गेला. लिफ्ट थांबली. मी पोचलो तेव्हा आतून काहीच आवाज नव्हता. नातेवाईक जिन्यात उभे होते, कुणी बोलत नव्हतं. हेल्परला वर पाठवलं आणि मी दाराशी उभा राहिलो. "घाबरू नका" म्हणणं बरं दिसेना. "पाच मिनिटं" हेही म्हणवेना. मी गप्प उभा राहिलो. थोड्या वेळाने आतून धाकट्याचा आवाज आला, "बाहेर कुणी आहे का?" मी म्हटलं, "आहे." मग मी विचारलं, "बाबा काय करायचे?"

तो सांगायला लागला. बाबा रेल्वेत होते, पार्सल ऑफिसात. रात्रपाळी करून सकाळी घरी येताना स्टेशनबाहेरून गरम जिलेबी आणायचे. मध्येच थोरला म्हणाला, "जिलेबी नाही, इमरती." दोघांचं त्यावरून थोडं झालं. बाहेर जिन्यात उभ्या असलेल्या एका मावशी म्हणाल्या, "जिलेबीच होती." मग लिफ्ट हलली. मी सांगितलं, "आता वर जातेय, पाचव्यावर थांबेल." बाहेर आल्यावर थोरल्या मुलाने माझा हात धरला. काही बोलला नाही. खुर्ची आम्ही सगळ्यांनी मिळून जिन्याने खाली नेली.

कोपरीतला एक प्रसंग वेगळा. अडकलेल्या तरुणाचा भाऊ मला दारात भेटला आणि म्हणाला, "त्याला ऐकू येत नाही." आतून दारावर थापा चालू होत्या. बोलत राहायचं हे माझं सगळं शिक्षण तिथे संपलं. केबिन मजल्याच्या दोन फूट खाली होती. बाहेरचं दार मी चावीने उघडलं, सगळ्यांना लांब उभं केलं, आणि केबिनच्या दाराच्या फटीतून आधी बॅटरीचा उजेड पाडला. थापा थांबल्या. सर्व्हिस रिपोर्टच्या पुस्तकातून एक पान फाडलं, मोठ्या अक्षरात लिहिलं, "मी मेकॅनिक. लिफ्ट वर जाणार. दहा मिनिटं. दारापासून लांब बसा," आणि फटीतून आत सरकवलं. पेनही सरकवलं. जरा वेळाने कागद परत आला. खाली लिहिलं होतं, "किती वर?"

मी लिहिलं, "दोन फूट." कागद परत आला, "ठीक." मग मी भावाला तिथे बसवलं, बॅटरी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, उजेड हलू देऊ नकोस. वर जाऊन ब्रेक सोडला. किती वर, हा प्रश्न तोंडाने बोलणाऱ्या एकाही माणसाने मला आजवर विचारलेला नाही. तेव्हापासून मी तो आकडा स्वतःहून सांगतो. दोन फूट, चार फूट, अर्धा मजला. आकडा सांगितला की आतला माणूस शांत होतो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली. कळवा-पडघा ४०० केव्ही लाइनवर बिघाड झाला होता. लोकल जागच्या जागी थांबल्या. मी कळव्याला राहतो. घरातला पंखा बंद पडला आणि पाच मिनिटांत माझा फोन जो वाजायला लागला तो दुपारपर्यंत थांबला नाही. ज्या लिफ्टना एआरडी होतं, म्हणजे बॅटरीवर जवळच्या मजल्याला लिफ्ट लावून दार उघडणारं यंत्र, त्यातली माणसं आपोआप बाहेर पडली. बाकीच्या लिफ्ट जिथे होत्या तिथे. मोटरसायकल काढली आणि एकेक करत निघालो. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, जिन्याने बारा-पंधरा मजले चढून मशीन रूम गाठायची, हाताने ब्रेक सोडायचा, उतरायचं, पुढची इमारत.

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये पोचलो तेव्हा रहिवाशांच्या लिफ्टबाहेर गर्दी होती. आत एक कुटुंब होतं. बाहेर नातेवाईक, शेजारी, समितीचे दोघं, पाण्याच्या बाटल्या, कुणी फोनवरून आतल्या मुलाला गोष्ट सांगत होतं. चांगलं चाललं होतं. मी वर गेलो, त्यांना बाहेर काढलं. वॉचमनला विचारलं, "अजून कुणी?" तो म्हणाला, "नाही साहेब, एवढेच."

मशीन रूम बंद करून जिन्याने उतरत होतो. नवव्या मजल्यावर आवाज आला. टक टक. थांबला. परत टक टक. सर्व्हिस लिफ्टच्या, म्हणजे सामान आणि कामाच्या माणसांसाठी असलेल्या लिफ्टच्या, दारामागून येत होता. मी दाराला कान लावला आणि हाक मारली, "कोण आहे आत?" आवाज बंद झाला. परत हाक मारली. मग बाईचा आवाज आला, बसलेला, घोगरा. "आहे का हो कुणी? खरंच आहे का?"

चौदाव्या मजल्यावरचं काम आटोपून खालच्या घरी कामाला निघालेल्या एक ताई होत्या. त्या एक तास पन्नास मिनिटं आत होत्या. जनरेटर जिन्यातल्या दिव्यांना होता, सर्व्हिस लिफ्टला नव्हता. फोनला रेंज नव्हती. बेल दाबून दाबून अंगठा लाल झाला होता, पण बेलची बॅटरी मेलेली होती, तिचा आवाज त्या केबिनबाहेर गेलाच नव्हता. इमर्जन्सी दिवा त्याच बॅटरीवर, म्हणजे पूर्ण काळोख. ओरडून घसा बसला तेव्हा त्यांनी घरांच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. ज्या घरांत त्या काम करतात त्यांच्याच किल्ल्या. तो पत्र्यावर वाजवत बसल्या होत्या. खालून वरून माणसं जिन्याने जात येत होती. वीज गेलेल्या दिवशी टक टक आवाजाकडे कोण लक्ष देणार?

त्या बाहेर आल्या, भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि आधी वेळ विचारली. मग फोनला रेंज आल्याबरोबर पुढच्या घरी फोन लावला आणि म्हणाल्या, "मॅडम, सॉरी हां, उशीर झाला. लिफ्टमध्ये होते." पाणी हवं का, मी विचारलं. नको म्हणाल्या. जिन्याने खाली निघाल्या.

रिपोर्टच्या पुस्तकात मी मागची पानं उलटून पाहिली. "बेल बॅटरी खराब, बदलणे." माझ्याच अक्षरात, तीन महिने, तीन वेळा. खाली सोसायटीच्या ऑफिसची सही. बॅटरी काही शे रुपयांची. सही घेतली म्हणजे माझं काम झालं असं मी समजलो, हे मला लिहायलाच हवं. मी भांडायला हवं होतं. त्या दिवसापासून मी भांडतो. बेल चालू नसेल तर सहीसाठी पुस्तक पुढे करत नाही, आधी सेक्रेटरींना केबिनमध्ये नेऊन बटण दाबायला लावतो.

तेव्हा ज्यांच्या हातात हे आहे त्या आपणा सर्वांना हात जोडून सांगतो. लिफ्टचा कायदा १९३९ पासून आहे आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात नवा आला. तपासणी होते, लायसन्स असतं, सर्व्हिसिंगचा करार असतो. त्यातलं काही चुकवू नकाच. पण मेकॅनिक यायला वेळ लागतो. कोपरीहून निघालेला माणूस संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून घोडबंदर रोडने कासारवडवलीला पोचायला पाऊण तास सहज घेतो, आणि पावसात खड्डे पडले की त्याहून जास्त. तो पाऊण तास तुमच्या हातात आहे.

तेवढ्या वेळासाठी दिवसपाळी आणि रात्रपाळीचा एकेक वॉचमन आणि प्रत्येक विंगमधला एखादा घरी असणारा माणूस ठरवा. निवृत्त आजोबा चालतील, कॉलेजला जाणारी मुलगी चालेल. वॉचमन एजन्सीचे असतात, दोन-तीन महिन्यांत बदलतात, म्हणून रहिवासीच हवा. त्याने आधी नाव विचारावं. आत किती जण आहेत, कुणी आजारी, गरोदर, लहान मूल आहे का ते विचारावं. असेल आणि तब्येत बिघडत असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर लगेच फोन करावा, आमची वाट बघू नये. दाराला टेकू नका, खाली बसा, हे सांगावं. दाराला स्वतः हात लावू नये आणि दुसऱ्याला लावू देऊ नये. केबिन मजल्याला लेव्हल झाल्याशिवाय कुणी बाहेर पाऊल टाकायचं नाही. त्रिकोणी चावी कुठे आहे ते आज शोधा आणि वॉचमनच्या टेबलाच्या खणात असेल तर तिथून काढा. आणि वेळ खोटी सांगू नका. मेकॅनिक तीन हात नाक्यावर आहे म्हणाला तर तीन हात नाक्यावर आहे असंच सांगा. आतला माणूस घड्याळ बघत असतो. "पाच मिनिटांत येतोय" हे तीनदा ऐकल्यावर तो तुमचं काहीच ऐकत नाही.

सर्व्हिस लिफ्ट विसरू नका. वीज गेली, बिघाड झाला, तर आधी तिच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन हाक मारायला सांगा. रहिवासी अडकला तर घरचे शोधत येतात. कामाला आलेल्या ताई, पार्सल घेऊन आलेला मुलगा, रंगकाम करणारा, पाण्याचा जार आणणारा, यांची वाट बघणारं तुमच्या इमारतीत कुणी नसतं.

या महिन्यात तुमच्याकडे मेकॅनिक सर्व्हिसिंगला येईल तेव्हा त्याला अर्धा तास जास्त थांबवा. तुमच्यापैकी एकाने सर्व्हिस लिफ्टमध्ये उभं राहा, आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये थांबवून आतले दिवे बंद करायला त्याला सांगा. मग बेल दाबा. इंटरकॉम उचला आणि बघा तो कुणाच्या टेबलावर वाजतो. पाच मिनिटं तसेच थांबा आणि बाहेरून कुणाचा आवाज येतो का ते ऐका.

आपला,
एक लिफ्ट मेकॅनिक
कळवा, ठाणे